कार्डावर आजोबा, हिशेबात आत्या

प्रश्न : बोरिवलीच्या गावठाणात आमचं बैठं घर आणि भोवतालची जागा, मिळून साधारण २१० चौरस मीटर. आजोबांनी १९६२ मध्ये रीतसर खरेदीखताने घेतली. प्रॉपर्टी कार्डावर (शहरातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर) अजून त्यांचंच नाव आहे. आजोबा १९८७ मध्ये गेले, आजी १९९६ मध्ये आणि बाबा २०२१ मध्ये. मृत्युपत्र कुणीच केलेलं नाही. मागे आई, ताई, मी आणि धाकटा भाऊ. भाऊ अबू धाबीला असतो. ताईने चौदा महिन्यांपूर्वी ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर ‘माझा हक्क सोडते’ असं लिहून दिलं. भावाने व्हॉट्सॲपवर कळवलंय की जागा तुझ्या नावावर कर. हे घेऊन सिटी सर्व्हेत (नगर भूमापन कार्यालयात) गेलो तर अर्ज परत केला. घरपट्टी आणि विजेचं बिल मात्र आधी बाबांच्या आणि आता माझ्या नावाने येतं. शेजारचे दोन प्लॉट घेतलेला बिल्डर ५ लाख टोकन द्यायला तयार आहे. कार्ड माझ्या नावावर होईपर्यंत नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) द्या म्हणतो. बाबांची एक सख्खी बहीण वसईला आहे, पण तिचं लग्न १९७९ मध्येच झालं, तेव्हा सगळं दिलं-घेतलं आणि तिने कधी काही मागितलेलं नाही. जागा लवकरात लवकर माझ्या नावावर कशी होईल? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : नमस्कार. पत्रात सगळ्यात शेवटी, जाता जाता उल्लेख केलेल्या तुमच्या आत्याबाई या जागेत अर्ध्याच्या मालकीण आहेत. बाकी सगळं त्यानंतर.

हिशेब करून बघा. जागा आजोबांनी स्वतः विकत घेतलेली, म्हणजे ती त्यांची स्वकष्टार्जित. आपण बोलताना आजोबांकडून आलेलं सगळंच ‘वडिलोपार्जित’ म्हणतो, पण वाटणीच्या कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वकष्टार्जित मिळकतीचा मालक मृत्युपत्र न करता गेला की हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे ती पहिल्या वर्गाच्या वारसांना समान मिळते. १९८७ मध्ये आजोबांच्या मागे आजी, तुमचे बाबा आणि आत्या असे तिघे. प्रत्येकी एक तृतीयांश. १९९६ मध्ये आजी गेल्या, त्यांचा तिसरा हिस्सा मुलगा आणि मुलगी यांच्यात निम्मानिम्मा झाला. म्हणजे बाबा अर्धे, आत्या अर्ध्या. २०२१ मध्ये बाबांच्या अर्ध्याचे चार भाग पडले : आई, ताई, तुम्ही, धाकटा भाऊ. प्रत्येकी एक अष्टमांश. २१० चौरस मीटरमध्ये आत्यांचे १०५ आणि तुमचे स्वतःचे सव्वासव्वीस. ताई आणि भाऊ दोघांनीही उद्या कायदेशीरपणे हक्क सोडला तरी तुम्ही तीन अष्टमांशापर्यंतच पोहोचता.

लग्नात दागिने दिले, खर्च केला, यामुळे मुलीचा हिस्सा संपत नाही. ‘तिने कधी मागितलं नाही’ यानेही संपत नाही. सहमालकांपैकी एक जण घरात राहतो तेव्हा कायदा असं धरून चालतो की तो सगळ्यांच्या वतीने राहतो आहे. तिला उघडपणे हक्क नाकारून बाहेर काढलं आणि त्यानंतर बारा वर्षं गेली, असं काही असेल तरच प्रतिकूल ताब्याची गोष्ट सुरू होते. दर गणपतीला जिच्या पानात मोदक वाढता तिला तुम्ही हक्क नाकारलाय असं कुठल्या कोर्टात सांगणार? जुन्या पिढीत ‘मुलीला राहत्या घरात वाटणी मागता येत नाही’ असं जे म्हणत, त्यालाही आधार होता : त्याच कायद्याचं कलम २३. पण ते फक्त वाटणी मागण्याला अडवत होतं, हिस्सा तेव्हाही होताच. आणि २००५ च्या दुरुस्तीने ते कलमच गेलं.

आता अर्ज परत का आला ते. सिटी सर्व्हेने तुमची अडवणूक केलेली नाही; त्यांच्याकडे दोन पक्की कारणं होती.

पहिलं म्हणजे ताईंचा कागद नोंदणीकृत नाही. स्थावर मिळकतीतला १०० रुपयांचा किंवा त्याहून जास्त किमतीचा हक्क देणारा, सोडणारा दस्त नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर कलम ४९ प्रमाणे त्याने हक्क हलत नाही. नोटरीचा शिक्का सही खरी असल्याचं सांगतो, त्यापलीकडे काही नाही. आणि ५०० रुपयांचा स्टॅम्पपेपर म्हणजे भरलेलं मुद्रांक शुल्क. नोंदणी ही त्यानंतरची वेगळी पायरी आहे. मुंबईत कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी बसून केलेल्या अशा कागदांवर किती घरं उभी आहेत याची कल्पना केलेलीच बरी. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला आणायचा असतो. त्यानंतर आणखी चार महिने, नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत दंड भरून. तुमचे चौदा महिने झाले, तो कागद आता नोंदता येणार नाही. ताईंना नव्याने दस्त करून द्यावा लागेल.

दुसरं कारण असं की कार्डावर आजोबांचं नाव असताना ताई कोण, हेच त्या कार्यालयाच्या दप्तरी नाही. ज्या व्यक्तीचं नाव लागलेलं नाही तिने हक्क सोडला ही नोंद ते घेतील कशी? आधी वारस नोंद, मग हक्कसोड. हा क्रम उलटा केला की अर्ज घरी परत येतो.

नाव आणि मालकी यांच्यातला घोळही इथेच निस्तरून टाकू. मालकी एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती नोंदणीकृत दस्ताने (खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र), मृत्युपत्राने, वारसाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा त्या बदलाची नोंद मागून घेतो. फेरफाराची (नावातल्या बदलाची) नोंद महसुलाच्या कामापुरती असते, ती मालकी देतही नाही आणि घेतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितलं आहे. याचा अर्थ कार्ड निरुपयोगी असा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, त्यामुळे बँक असो की बिल्डर, आधी कार्डच मागतात. घरपट्टीचं बिल त्याहून खालच्या पायरीवर : कर कुणाकडून वसूल करायचा एवढ्यापुरतं नाव. मुंबईत तर बऱ्याच ठिकाणी जमीन एकाची आणि वरचं बांधकाम दुसऱ्याचं असतं. कार्ड जमिनीबद्दल बोलतं, पट्टीचं बिल बांधकामाबद्दल. तुमच्याकडे दोन्ही एकाच घराण्याचं आहे, पण दस्तात दोन्हींचा उल्लेख वेगवेगळा हवा.

कामाला सुरुवात कागद गोळा करण्यापासून करा. प्रॉपर्टी कार्डाची ताजी प्रत काढा. ‘महाभूमी’च्या पोर्टलवर डिजिटल सहीची मिळते. त्यावर सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेने जागेला दिलेला क्रमांक), क्षेत्र, सत्ता प्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे), धारक, इतर भार आणि शेवटच्या रकान्यातले शेरे शब्दन् शब्द वाचा. कुणा जुन्या भाडेकरूचं किंवा सावकाराचं नाव ‘इतर भार’मध्ये पडून असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. सत्ता प्रकार ‘ब’ असेल, म्हणजे जमीन सरकारने अटींवर दिलेली असेल, तर वारस नोंद होईल, पण पुढे विकायला किंवा बिल्डरला द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बहुधा नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) लागेल. आजोबांनी खासगी माणसाकडून विकत घेतली असल्याने ही शक्यता कमी, तरी बघा. (दादर, गिरगावकडच्या वाचकांसाठी : मुंबई शहरात सीटीएसऐवजी सी. एस. नंबर असतो आणि बऱ्याच जमिनी भाडेपट्ट्याच्या आहेत. तिथे हस्तांतराला मूळ जमीनमालकाची संमती लागते का, हे पट्ट्याच्या करारात आधी शोधा.)

मग १९६२ चं खरेदीखत. त्यात जागा चौरस वारात असणार, आणि सीटीएसऐवजी सर्व्हे नंबर-हिस्सा नंबर असण्याची शक्यता मोठी, कारण उपनगरांतलं सिटी सर्व्हेचं काम टप्प्याटप्प्याने झालं. एक चौरस वार म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर. खतात २५१ चौरस वार असेल तर तुमचे २१० चौरस मीटर जुळतात. खतात ३०० वार आणि कार्डावर २१० मीटर असं निघालं तर चाळीस मीटर कुठे गेले हे आधी शोधा. रस्त्यात गेले असतील किंवा शेजाऱ्याच्या कार्डात. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा सीटीएस एकच जागा आहे हे दाखवणारा कागद भूमापन कार्यालयातून मागून घ्या. मूळ खत हरवलं असेल तर निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत निघते. वर्ष आणि दस्त क्रमांक माहीत असला की काम सोपं.

तिघांचेही मृत्यू दाखले लागतील, फक्त बाबांचा पुरणार नाही. आजोबा-आजी गावी गेले असतील तर तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद शोधा. नोंदच केलेली नसेल तर एक वर्ष उलटून गेल्यावर ती दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, म्हणून हा शोध सगळ्यात आधी सुरू करा. नावांची गंमत वेगळीच असते. कार्डावर ‘रामा बाळू’, दाखल्यावर ‘रामचंद्र बाळकृष्ण’, रेशनकार्डावर आडनावासकट तिसरंच. ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. नुसतं प्रतिज्ञापत्र दुबळं पडतं. सोबत दोन्ही नावं जोडणारा एखादा जुना कागद लावा. शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचं किंवा नोकरीचं ओळखपत्र, मुलांच्या दाखल्यावरचं वडिलांचं नाव, काहीही चालेल.

वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते. प्रत्येक वारसाचं पूर्ण नाव, वय, पत्ता, मयताशी नातं. लग्न झालेल्या मुली सासरच्या नावासह, कंसात माहेरचं नाव. यात आत्यांचं नाव गाळण्याचा सल्ला तुम्हाला देणारे भेटतील, कदाचित कार्यालयातल्या टेबलापाशीही भेटतील. तसं केलंत तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं, आणि तो गुन्हा आहे. नोंद झाली तरी आत्यांचा हक्क जागेवरच राहतो. शिवाय बिल्डरचा वकील टायटल (मालकी हक्क) तपासताना वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, त्यावर आत्या, आतोबा किंवा त्यांची मुलं हरकत घेतील, आणि मग सगळा व्यवहार तुमच्या शब्दावर विश्वास नाही इथून सुरू होईल.

हे सगळं लावून नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज. तीन मृत्यू असले तरी अर्ज एकच करता येतो. त्यात आजोबा, मग आजी, मग बाबा अशा क्रमाने कोण कधी वारस झालं ते लिहा. परिरक्षण भूमापक कागद तपासतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि हरकत नसेल तर नोंद प्रमाणित होते. हरकत आली तर सुनावणी. निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. सगळ्या वारसांनी अर्जावर सह्या केल्या असतील तर काम पुष्कळ सरळ जातं. भावाची सही नसली तरी त्याचं नाव लागतंच. वारसा कळवायचा असतो, कुणाची परवानगी घ्यायची नसते.

एका कागदावर लोक उगाच पैसे घालवतात : उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. ते बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं. जमिनीसाठी कोर्टाचा कागद लागलाच तर तो वारस दाखला, मुंबई विनियम ८, १८२७ खालचा. वाद नसेल, नावं जुळत असतील तर त्याचीही गरज सहसा पडत नाही.

या टप्प्यावर कार्डावर पाच नावं येतील : आत्या, आई, ताई, तुम्ही, भाऊ. तुम्हाला हे मागे गेल्यासारखं वाटेल. तसं नाही. आजवर कार्ड मेलेल्या माणसाच्या नावावर होतं.

आता हक्कसोडपत्र. ते सहमालकाने सहमालकालाच द्यायचं असतं. ताईंनी तुमच्या मुलाच्या नावे ‘हक्क सोडला’ तर ती हक्कसोड होत नाही, बक्षीस किंवा विक्री धरली जाते आणि मुद्रांक शुल्क त्या दराने बसतं. कुणाच्या नावे सोडते आहे हे स्पष्ट लिहा. नुसतं ‘माझा हक्क सोडते’ लिहिलं तर तो हिस्सा उरलेल्या सगळ्या सहमालकांकडे जातो असा अर्थ निघतो, आणि तुमच्याबरोबर आत्यांचाही वाढतो. जुन्या कागदात हीच चूक होती, तुमच्या पत्रातल्या वाक्यावरून दिसतं. हिस्सा अपूर्णांकात लिहा (‘एक अष्टमांश अविभक्त हिस्सा’). मोबदला न घेता सोडल्याचं लिहा. मालकीची साखळी १९६२ पासून तीन मृत्यूंसह, आणि परिशिष्टात मौजे, तालुका, सीटीएस नंबर सगळ्या उपनंबरांसकट, क्षेत्र, चतुःसीमा, बांधकामाचं वर्णन. ‘४१२’ आणि ‘४१२/१ ते ३’ यातला फरक टंकलेखकाला किरकोळ वाटतो. नंतर चूक सापडली तर चूक दुरुस्ती पत्रही नोंदवावं लागतं आणि सगळ्यांच्या सह्या पुन्हा.

जवळच्या नात्यात विनामोबदला हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये, त्याआधी २०० होते. ही सवलत हक्क सोडणाऱ्याचे आईवडील, भाऊबहीण, मुलं, जोडीदार आणि यांचे वारस एवढ्यांनाच. ताईने भावाला सोडलं, थेट बसतं. आत्याने भाच्याला सोडलं तर भावाचे वारस म्हणून बसू शकतं. मात्र सवलतीच्या कलमातला शब्द ‘वडिलोपार्जित मिळकत’ असा आहे, त्यामुळे दस्तात वारसाची साखळी नीट आलीच पाहिजे, आणि आत्यांच्या दस्तासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी अभिनिर्णय करून घ्या. शुल्क किती हे त्यांच्या सहीने ठरलं की पुढे कमी भरल्याची नोटीस यायची भीती बरीच कमी होते. हेच आत्यांनी बक्षीसपत्राने द्यायचं ठरवलं तर भाचा जवळच्या नात्यांच्या सवलतीत बसत नाही, शुल्क पूर्ण दराने पडेल.

आणि आत्यांना पैसे देणार असाल तर ते हक्कसोड म्हणून दडवू नका. मोबदला आला की ती हिश्श्याची विक्री आहे. मुंबईत शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, तेही दिलेली रक्कम आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यातल्या जास्त असेल त्यावर; नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. रक्कम बँकेतून द्या. आत्यांना भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, त्यासाठी त्यांनी सीएला विचारावं. विनामोबदला सोडलं तर तुम्हाला आयकर नाही; आत्या आणि भावंडं आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत येतात.

आमचं मत विचारलंत तर आत्यांकडून हक्कसोड मागूच नका. अर्ध्या जागेचा मोबदला परवडणार नाही आणि फुकट मागायला तोंड नाही. बिल्डरशी करार करायचाच आहे ना? मग त्यात आत्यांना सहमालक म्हणून घ्या आणि त्यांच्या हिश्श्याचं क्षेत्र त्यांना नव्या इमारतीत मिळू द्या. त्यांची सही एकदा, खुशीने, करारावर झाली की टायटलचा प्रश्न उरत नाही. आईंनीही आपला अष्टमांश सोडू नये. त्यांचं नाव कार्डावर राहिल्याने तुमचं काही अडत नाही, आणि म्हातारपणी हातात काहीतरी असलेलं बरं. ताईंना सही मागण्याआधी त्यांच्या हिश्श्याची आजची रेडी रेकनरची किंमत किती होते ते आकड्यात सांगा. नोंदणीकृत हक्कसोड नंतर मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, आणि ‘मला सांगितलंच नव्हतं’ या वाक्यावर बहीणभावांचे दावे वर्षानुवर्षं चालतात.

भावाचा व्हॉट्सॲप संदेश पुरावा म्हणून कुठेच लागणार नाही. तो सुटीत आला तर त्याच्या तारखांप्रमाणे नोंदणी ठेवा. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. येता येत नसेल तर अबू धाबीच्या भारतीय दूतावासात जाऊन त्याने कुलमुखत्यारपत्र करावं. मुखत्यार ताई किंवा आई असाव्यात, तुम्ही नको. ज्याला हिस्सा मिळतो त्यानेच देणाऱ्याच्या वतीने सही करणं पुढे वादाला निमंत्रण. पत्र याच मिळकतीपुरतं आणि याच कामापुरतं हवं : हक्कसोडपत्रावर सही करणे आणि निबंधकांसमोर सहीची कबुली देणे, हे दोन्ही शब्दांत लिहिलेलं. भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत हमखास हुकते, कारण कुरिअरचं पाकीट कपाटात ठेवून दिलं जातं. पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

नोंदणीचा दिवस तसा सोपा. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरायची, शुल्क ‘ग्रास’ या सरकारी भरणा पोर्टलवर ई-चलनाने, वेळ आरक्षित करायची. सोडणारे, घेणारे आणि दोन ओळखदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, आधार आणि पॅन. फोटो, अंगठा, कबुली, आणि बहुतेक वेळा दस्त त्याच दिवशी हातात. चलनावरचं नाव आणि दस्तातलं नाव एक आहे का ते घरून निघण्यापूर्वी बघा. वयस्क माणसाला कार्यालयात नेणं शक्य नसेल तर कारण दाखवून, जादा फी भरून, अधिकाऱ्याची गृहभेट मागता येते. ताई आणि भाऊ यांचे दस्त वेगवेगळे करा. भावाच्या कागदात काही निघालं तर ताईंचं काम अडकायला नको.

नोंदणी झाली की सूची दोनची (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घ्या आणि तिथेच उभं राहून वाचा : नावं, सीटीएस, हिस्सा. निबंधक कार्यालयाकडून भूमापनाला सूचना जाते, तरी दस्त आणि सूची दोन जोडून फेरफाराचा अर्ज तुम्हीही द्या. पुन्हा नोटीस, पुन्हा पंधरा दिवस. नोंद प्रमाणित झाल्यावर नवं कार्ड काढून महापालिकेच्या करनिर्धारण विभागात द्या.

गावी कोकणात सातबारा असलेल्या वाचकांसाठी एवढंच : क्रम हाच आहे, फक्त अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि नोंद प्रमाणित करणार मंडळ अधिकारी. वारसाने शेतजमीन मिळायला शेतकरी असण्याची अट नाही. ती अट विकत घेणाऱ्याला आहे. वारसा मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही.

राहिला बिल्डर. नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र देऊ नका आणि टोकनही घेऊ नका. करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्वच्छ सांगितलंय, म्हणजे तुमच्याकडून त्याला मालकी मिळणार नाही. मग तो ते का मागतो? कारण त्या पत्रावर तो तुमच्या नावाने कार्यालयांत अर्ज करू शकतो, दुसऱ्याला दाखवून पैसे उभे करू शकतो, आणि ५ लाख घेतल्यावर तुम्ही दुसऱ्या कुणाशी बोलायला लागलात तर ‘करार मोडला’ म्हणून कोर्टातून मनाई आणू शकतो. अष्टमांशाच्या मालकाने पूर्ण जागेचं मुखत्यारपत्र दिलं तर आत्यांच्या तक्रारीत आरोपी मात्र तुम्हीच असाल. त्याला सांगा, वारस नोंद झाली की पाचही जण एकत्र बसू. विकास करारनामा आणि मुखत्यारपत्र दोन्ही नोंदणीकृत, एकाच दिवशी. तोवर त्याला फक्त कार्डाची प्रत द्या.

ताईंचा तो जुना कागद बिल्डरला किंवा सिटी सर्व्हेला पुन्हा दाखवू नका. नवा दस्त होईल तेव्हा त्यात एक वाक्य घाला की पूर्वीचा नोटरी केलेला लेख रद्द समजावा, त्याची तारीख लिहा, आणि वारस नोंदीच्या कामासाठी वसईला जाल तेव्हा आत्यांना वंशावळीचा मसुदा स्वतः वाचून दाखवा. घरातले १९८७ आणि १९९६ चे दाखले कुठे ठेवलेत हे बहुधा त्यांनाच माहीत असेल.